अवघड सीडी

भुजंगने नव्या मशीनचं झाकण स्क्रू पिळून बंद केलं आणि टेबलावर तीन सिस्टिमच्या सीड्या मांडल्या: विंडोज, लिनक्स, फ्री-बीएसडी. बियाणे कंपनीच्या त्या ऑफिसात इंटरनेटची एकच बारीक लाइन, आणि तिच्यावर तुटून पडणारी चाळीस माणसं. बाहेरच्याला आत शिरू न देणं आणि आतल्यांना वेग वाटून देणं, हे काम त्या लाइनच्या तोंडाशी बसवलेलं एक मशीन करायचं. जुनं मशीन आता मरायला टेकलं होतं. नव्यात कोणती सिस्टिम टाकायची, हे भुजंगने ठरवायचं होतं.

चार वर्षांपूर्वीही त्यानेच ठरवलं होतं. तेव्हा त्याने मुद्दाम फ्री-बीएसडी निवडली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळे नियम हाताने लिहायचे. अख्ख्या जालन्यात ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती, म्हणूनच निवडली. आपल्याशिवाय कंपनीचं अडलं पाहिजे, एवढाच हिशेब. अडलं खरं, पण त्याचंच. लाइन तुंबली की रविवारी फोन, सणाला फोन. वडील गावी, वाटूरला शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा बियाण्यांच्या बुकिंगचा हंगाम होता. हा पोचला तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला रोज वाटायचं.

आता पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. मॅनेजर रामकिसनजींनी एकच अट घातली होती.

"मागं चालवणारं माणूस ठेवा अन् खुशाल जा. न्हाई तर मी सोडत न्हाई."

म्हणून त्याने लिनक्सची सीडी पुढे ओढली आणि डेटा भरणाऱ्या फरजानाला बोलावलं.

"ही टाकून देतो. एक पान उघडायचं, खुणा करायच्या, झालं. कोणीबी चालवील."

फरजानाने सीडी उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली.

"सर, जुनीच टाका."

"ती तुला झेपायची न्हाई."

तिने वाद घातला नाही. जुन्या मशीनपुढे बसली आणि वेगाच्या नियमांची यादी उघडून एकेक ओळ सांगत गेली. बुकिंगच्या मेलला आधी वाट, गाण्यांच्या डाउनलोडला सगळ्यांत शेवटी. एकही ओळ चुकली नाही.

"कुठं शिकलीस?"

"पोळ्याला तुम्ही वाटूरला गेल्ते, तवा लाइन बंद पडली. तुमची नियमांची वही पाहून पाहून सुरू केली."

तेवढ्या एका सणाला फोन आला नव्हता, हे भुजंगला आठवलं. त्याला राग आला, हसूही आलं. कुलूप उघडंच होतं आणि हा आत बसून राहिला होता.

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुमचं महत्त्व कमी झालं असतं ना, सर."

त्याने लिनक्सची सीडी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

"तरी सोपी घे. तुझाच त्रास वाचंल."

"सीझन संपला की माझ्यासंगच्या बेबीनंदाला काढलं, लालबीला काढलं," फरजाना म्हणाली. "कोणीबी चालवील म्हटल्यावर मला कशाला ठेवतील?"

भुजंग स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"ही जुनी सिस्टिम माणसाला सोडत न्हाई, फरजाना. मी बापाच्या मातीला पोचलो न्हाई."

"माहीत हाय, सर. तुम्हाला सुटायचंय. मला तर अजून कोणी धरलंच न्हाई."

त्याने फ्री-बीएसडीची सीडी आत सरकवली.

दुपारी रामकिसनजी डोकावले.

"कोणती टाकली?"

"जुनीच. फरजानाला येते."

"दुसऱ्या कोणाला?"

भुजंगने तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून टाइप करत होती.

"फक्त हिलाच," तो म्हणाला.

"बराबर. मंग हिचा घरचा फोन नंबर लिहून घ्या."

फरजानाने तो स्वतःच्या हाताने, ठळक लिहून दिला. खाली शेजाऱ्यांचाही दिला. वरचा लागला नाही तर असावा म्हणून.