फोटोतला दुसरा हात

आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबा फोटो काढतात, आत्या कॉम्प्युटरवर लोकांचे मुरूम पुसते. माझा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच आहे, आणि घरातल्या एकाही फोटोत तो दिसत नाही. कुठे पुढे खुर्ची, तर कुठे मुद्दाम उभा केलेला चुलतभाऊ.

यंदा शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत मी दुसरी आले. सगळ्यांबरोबर, हं! वेगळा गट नाही, सूट नाही. बाबांनी काठावरच फोटो काढला आणि म्हणाले, "ठमे, हा दुकानाच्या दर्शनी काचेत लावणार!" मी दोन दिवस हवेतच.

शाळेतून आले तर फोटो लागलेला. गळ्यात पदक, आणि चक्क दोन हात! आत्याने माझाच उजवा हात उलटा करून डावीकडे चिकटवला होता. उजव्या अंगठ्याला पट्टी होती, तीसुद्धा तिकडे गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही कोण?"

"तूच की गं," आत्या म्हणाली. "किती गोड दिसतेस! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मला डावी मूठच नाही, तर झाकायचं काय? आणि ही गोड मुलगी पोहलेली नाही. मी पोहले. पुढच्या वेळी हिलाच पाठवा पाण्यात!"

"लोक काहीबाही बोलतात गं," बाबा म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून केलं." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हणून माघार घ्यायची? छे!

"तलावावरही लोक होतेच की. तेव्हा तर तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होतात. मग खरं सांगा, टाळ्या वाजवताना तुम्हाला माझी लाज वाटत होती का?"

बाबांनी काचेतला फोटो काढून आत्याच्या हातात दिला, दिवे लावले आणि मला पडद्यासमोर उभं केलं.

"जरा अशी वळ," ते सवयीने म्हणाले.

"नाही वळणार."

"बरं बाई. हस तरी."

"हसणारही नाही." मी डावा हात वर केला.

बाबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तसेच थांबले. माझ्या हाताकडे इतकं थेट त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"बाबा, बघून झालं असेल तर काढा आता."