एकतिसावा तंतू

खाऱ्या वाऱ्यात, समुद्रापासून दोनशे पावलांवर, काचेचा तंतू ओढायची प्रयोगशाळा काढावी ही अक्कल आमच्या विश्वस्तांनाच सुचू जाणे. का, तर नागावात त्यांची नारळाची वाडी होती आणि वाडीत एक इमारत रिकामी पडून होती. पूर्वी तिथे पर्यटकांना खोल्या द्यायचे. अजूनही शनिवारी कुणीतरी ओल्या चड्डीत दार वाजवतं आणि बनाना राइडचं तिकीट मागतं. दारावर पाटी मात्र ‘क्वांटम प्रकाश संशोधन केंद्र’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मी नेत्रा, इथली तंत्रज्ञ. शास्त्रज्ञ नाही, म्हणून काम मी करते. इंटरनेटच्या केबलमध्ये असते तसली काचेची तार घ्यायची, ज्योतीवर मऊ करायची आणि यंत्राने दोन्ही टोकांनी हळूहळू ओढायची. ओढत गेलं की मधला भाग केसाच्या दोनशेव्या हिश्शाइतका उरतो. इतक्या बारीक तंतूत प्रकाश पुरता मावत नाही, थोडा बाहेरून त्याला चिकटून चालतो. त्या बाहेरच्या प्रकाशात थंड केलेले अणू आणून ठेवले, की एकेका अणूचं प्रकाशाशी कसं जमतं ते मोजता येतं. मोजणारे मुंबईत बसतात. आम्ही तंतू पुरवायचा.

तोही जमत नव्हता. तीस तंतू वाया गेले. कधी दमट हवेने, कधी धुळीने, आणि दोन आमच्या देवव्रत सरांच्या शिंकेने. तंतूवर एक कण बसला तरी प्रकाश तिथेच सांडतो, आणि तो कण काही पुसता येत नाही. पुसायला गेलं की तंतूच तुटतो.

एकतिसावा साधला तो खंडेनवमीच्या सकाळी. शंभरातले नव्व्याण्णव भाग प्रकाश पलीकडे पोचला. मी आकडा तीनदा पाहिला आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. मुंबईच्या मृणाल मॅडम त्याच दुपारी मांडव्याच्या बोटीने तंतू न्यायला येणार होत्या. त्यांनी मुंबईतली निर्वात पेटी तेवढ्यासाठी उघडी ठेवली होती. आज तंतू मिळाला नाही तर त्या पुण्याहून घेणार होत्या, आणि मग आमचं यंत्रही पुण्याला जाणार होतं. यंत्र गेलं की मी पुन्हा शाळेत बेडकांच्या बरण्या पुसायला मोकळी.

आणि या दिवशी देवव्रत सरांना पूजा सुचली. ते आमचे प्रमुख. प्रकाशावर भाषण तासभर देतील, पण ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला मला हाक मारतील. हातात ताट घेऊन उभे राहिले. ताटात झेंडू, उदबत्ती, गंध, हळद, कुंकू. म्हणाले, “नेत्राताई, खंडेनवमी आहे. यंत्राची पूजा नको का करायला?”

“करा की,” मी म्हटलं. “उदबत्तीचा धूर तंतूवर बसला की त्याचीच आरती करा.”

बिचारे वरमले. शेवटी अंगणात पाटावर जुना बर्नर मांडून त्याची पूजा झाली. परदेशातून पदवी घेऊन आलेला माणूस गंजक्या बर्नरला गंध लावतोय हे पाहून मला हसू आवरेना. झाडलोट करणारी ठमाबाई मात्र भक्तिभावाने उभी होती. तिने सरांना गंध लावलं, मला भरघोस कुंकू लावलं, प्रसादाचा पेढा हातावर ठेवला. मी पेढा खाल्ला. पेढ्याशी माझं भांडण नाही.

दोन वाजता तंतू वाहून नेण्याच्या चौकटीवर चिकटवायचा होता, म्हणजे झाकण एकदा उघडणं भाग होतं. सर पाहायला यायला निघाले, तेव्हा मी त्यांना दारात अडवलं.

“सर, कपाळावरचं गंध पुसा. एवढं शिकलात आणि कपाळावर धूळ घेऊन आत येता?”

मी स्पिरिटचा बोळा पुढे केला. त्यांनी मुकाट्याने कपाळ पुसलं. मग टोपी, मास्क, पांढरा झगा, हातमोजे. आम्ही आत गेलो. मी पेटीवर वाकले, डिंकाचे दोन थेंब टेकवले, निळ्या दिव्याखाली वाळू दिले आणि झाकण बंद केलं. चार मिनिटांचं काम. बाहेर येताना पाहिलं, तर दाराबाहेरच्या पट्ट्यात ठमाबाई झेंडूच्या पाकळ्या झाडत होती.

तीन वाजता मृणाल मॅडम आल्या. बोलणं मोजकं, नजर धारदार. त्यांनी प्रकाश सोडला आणि आकडा आला एकसष्ट.

पडद्यावर तंतूच्या मधोमध एक लाल ठिपका जळजळीत चमकत होता. कण. बाहेर जाऊन मी ठमाबाईवर तुटून पडले.

“झाडू आताच मारायचा होता? सहा महिन्यांची मेहनत मातीत घातलीस! उद्यापासून येऊ नकोस.”

“बाय, म्या उंबऱ्याच्या आत पाय न्हाय टाकला,” ती म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. ती झाडू भिंतीला टेकवून पायरीवर जाऊन बसली.

आत आले तेव्हा मॅडमनी लाल लेसर बंद करून साधा पांढरा दिवा लावला होता. सूक्ष्मदर्शकातून त्या तंतू नव्हे, तंतूखालची धातूची पट्टी पाहत होत्या. “इथेही पडलेत तीन-चार,” त्या म्हणाल्या. “लाल आहेत. झेंडू लाल होता का?”

“पिवळा,” सर म्हणाले.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मास्क नाकापर्यंत, टोपी केसांपर्यंत. मध्ये उरलं होतं ते कपाळ.

मला माहीत नव्हतं असं नाही. टोपी घालताना आरशात कुंकू मला दिसलं होतं. माझा नवरा उरणला टगबोटीवर आहे. आठ दिवस पाण्यावर, आठ दिवस घरी. तो पाण्यावर असताना कुंकू पुसायला हात गेला नाही. सरांच्या गंधावर मी तोंडसुख घेतलं आणि माझं कपाळ घेऊन स्वतःच पेटीवर वाकले. जगाला अक्कल शिकवणारी मी!

देवव्रत सरांनी स्पिरिटची बाटली उघडली, बोळा भिजवला आणि माझ्यापुढे धरला. एक शब्द टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी कपाळ पुसलं. बोळा लालभडक झाला.

मृणाल मॅडम तंतू न्यायला आणलेली पेटी रिकामीच घेऊन निघाल्या. “आता पुण्याला विचारते,” एवढंच म्हणाल्या.

मी अंगणात आले. ठमाबाई पायरीवर पाठमोरी बसली होती. लाज गिळून बोलले. “ठमाबाई, कण माझ्या कपाळावरून पडला. तुझा काही दोष नव्हता. मी उगाच बोलले तुला.”

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोललेलं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. तिचे डोळे माझ्या कपाळावरच अडकले.

“अगो बाय! घरधनी दर्यावर हाय आणि कपाळ असं भुंडं?”

ती धडपडत उठली आणि पूजेच्या ताटाकडे धावली. शिव्या खाऊन तासही झाला नव्हता. तिने कुंकवाची मोठी चिमूट उचलली आणि डाव्या हाताने माझी हनुवटी धरली.

“उद्या येशील ना?” मी विचारलं.

“गप ऱ्हा,” ठमाबाई म्हणाली. “हलू नको. सांडतंय.”