डबा न वाजवता

सणसरच्या शिवारात तोडणीआधी उसाचा फड पेटवायचा म्हटलं की सर्जेरावाची एक रीत सगळ्यांना तोंडपाठ होती. काडी ओढायच्या आधी तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, काठीनं बडवत अख्ख्या रानाला एक फेरी मारायची आणि पेटवताना एक बाजू मोकळी सोडायची. ससा, कोल्हा, मुंगूस, आत जे कुणी बिऱ्हाड करून बसलं असेल त्याला निघून जायला वाट नको? तरणी पोरं हसायची. "तात्यांची वरात निघाली," म्हणायची. हसू देत मेली. माणूस त्या बाबतीत पक्का होता.

आणि नेमक्या त्याच माणसानं यंदा डबा वाजवला नाही. आयुष्यात एकदाच चुकला. पण चुकायला दिवस कोणता निवडावा माणसानं!

त्याची बायको जयवंता बारामतीला दवाखान्यात होती. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता केमो चालू होती. लेक माधवी तिच्याजवळ राहायची. उसाला लागूनच असलेल्या घरी उरले सर्जेराव आणि तांबी.

तांबी म्हणजे कुत्री. अकरा वर्षांपूर्वी कुणा हलकटानं पोत्यात बांधून कालव्याच्या कडेला टाकलेलं पिल्लू जयवंतानं उचलून आणलं आणि कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं. भाकरी घालायचा सर्जेराव, पण शेपूट हलायचं ते जयवंताला बघून. केमोनं जयवंताचे केस गेले तेव्हा भावकीतल्या बायका यायच्या, डोळ्याला पदर लावायच्या, "काय बाई हे नशीब" करून चहा पिऊन जायच्या. जयवंताला असा संताप यायचा! तांबीनं मात्र ते टक्कल हुंगलं, एकदा शिंकली आणि पायाशी जाऊन झोपली. जयवंता महिन्याभरानं त्या दिवशी हसली होती.

दवाखान्यातून रोज सकाळी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न तांबीचा. नवऱ्यानं चहा घेतला का, हे मागाहून, आठवलं तर.

त्या मंगळवारी फोनवर बोलताना तिला मागून केकाटणं ऐकू आलं.

"बांधलीय व्हय तिला?"

"ऊस तोडायला टोळी आलीय. त्यांच्या अंगावर जाती म्हणून बांधली."

"दात तरी राह्यल्यात का तिला? सोडा आधी. म्हाताऱ्या जिवाला कशाला साखळी?"

त्यानं सोडली. मागच्या पायानं अधू झालेली तांबी लंगडत लंगडत गेली. कुठं गेली, ते त्यानं पाहिलं नाही. उन्हं आत्ताच चटकायला लागली होती. तिनं गाठली असणार उसातली पाण्याच्या पाटाजवळची थंडगार सरी.

अकराच्या सुमाराला टोळीचा मुकादम गेणबा म्हणाला, "तात्या, पाचट लई हाय, आन् साप बी निघाय लागल्यात. पेटवून द्या. उद्या दुपारपत्तूर रान मोकळं करून देतो."

सर्जेराव डबा आणायला वळला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माधवी रडत होती.

"तात्या, आईच्या नाकातनं रक्त येतंय, थांबंचना. पेशी लई कमी झाल्यात. डॉक्टर तुमाला आत्ताच्या आत्ता बोलवत्यात."

माणसाचं डोकं जाग्यावर राहील काय? त्याचं नाही राहिलं. गेणबा म्हणत होता, तुमी जावा, आमी पेटवतो. पण ऊस आपला तर काडी आपणच लावायची, एवढं त्याला सुचलं. डबा नाही सुचला. हातात पेटतं पाचट घेऊन तो बांधाबांधानं पळाला आणि लवकर उरकावं म्हणून चारी बाजूंनी लावत सुटला.

वाळलेल्या पाचटाला वेळ लागत नाही. ताडताड आवाज करत जाळ माडाएवढा उठला. त्यातून एक बारीक आवाज आला. गेणबाची बायको फुलाबाई दचकली. "तात्या, आत कायतरी हाय!"

काय आहे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "तांबे!" म्हणून तो जाळात घुसायला निघाला. गेणबानं आणि आणखी दोघांनी त्याला कवळ्यात धरलं. तो त्यांना शिव्या देत होता, लाथा मारत होता. ती माणसं भली, त्यांनी सोडलं नाही.

जाळ बसल्यावर ती पाटाजवळच सापडली. फार भाजली नव्हती, धुरानंच गेली होती. सर्जेरावानं तिला उचलून बांधावर लिंबाखाली पोत्यावर ठेवलं आणि गाडीला किक मारली.

"वैनींना बोलू नका बरं का तात्या," फुलाबाई मागून ओरडली. "आजारी माणसाला असलं सांगत न्हायत."

त्यालाही तेच वाटत होतं. बारामती येईस्तोवर तो हेल्मेटच्या आत पुटपुटत होता, "बरी हाय. भाकरी खाल्ली. झोपलीय." पाठांतर करणाऱ्या पोरासारखं, पुन्हा पुन्हा.

दवाखान्यात त्यानं कागदांवर सह्या केल्या. डॉक्टर म्हणाले, रक्ताची पहिली पिशवी लावतोय, नाकातलं थांबलंय, घाबरू नका. मग तो खाटेजवळ गेला. जयवंता पांढरी पडली होती, पण डोळे टक्क उघडे.

"फड पेटवला?" तिनं वासावरनं ओळखलं. शेतकऱ्याचीच बाई ती.

"व्हय."

"तांबी कुठं हुती तवा?"

आता बोल की बाबा! एवढं पाठ केलंय! पण बत्तीस वर्षांत त्यानं या बाईला एकदाही खोटं पचवून दाखवलं नव्हतं. तो खाटेच्या दांडीवरचा रंग नखानं खरवडत बसला.

जयवंतानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. "डबा वाजवला न्हवता?"

"न्हाय."

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत गेलं. माधवी पुसायला वाकली तर जयवंतानं तिचा हात बाजूला केला.

"मीच सोडाय लावली तिला," जयवंता म्हणाली. "बांधलेली असती तर जगली असती. म्या मारली."

"गप बस!" सर्जेराव एवढ्यानं ओरडला की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "सोडली मी. पेटवलं मी. डबा वाजवला न्हाय तो मी. तुझा काय संबंध? शिव्या दे मला. दे की!"

तिनं शिव्या दिल्या नाहीत. मग विचारलं, "कुठं पुरली?"

त्याची मान खाली गेली. "बांधावर हाय. तुजं असं कळलं आन् मी तसाच..."

"तशीच उघड्यावर टाकून आला? कावळं टोचतील तिला!" जयवंता उठायला लागली, माधवीनं दोन्ही खांदे धरले. "मला हितं माधवी हाय, डॉक्टर हायत. तिला कोन हाय? जावा. उठा, जावा आधी."

"तुला असं सोडून?"

"मी कुठं पळून जात न्हाय. जावा म्हणते ना!"

तो परत आला तेव्हा चार वाजले होते. कावळे आले नव्हते. फुलाबाई कोयता बाजूला ठेवून लिंबाखाली बसून होती आणि तांबीवर तिनं आपलं जुनं लुगडं घातलं होतं. टोळी पलीकडच्या टोकाला मुकाट्यानं ऊस तोडत होती.

सर्जेरावानं टिकाव घेतला. कुणाला हात लावू दिला नाही. कमरेएवढा खड्डा झाला तरी खणतच होता.

"बास तात्या. लई खोल झालं," फुलाबाई म्हणाली.

मग तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि तांबीला लुगड्यासकट मांडीवर घेतलं. गाठ निघाली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. ऑपरेशनच्या दाराबाहेर सहा तास बसला, तेव्हाही नाही. आता त्याला कसला आवाज फुटला! पलीकडं कोयते थांबले. गेणबानं डोक्याचा पटका सोडून तोंडाला लावला.

फोन वाजला. माधवी होती.

"तात्या, पहिली पिशवी संपली. आई जरा बरी हाय. पर डोळा लावंना. सारखं इचारतीय, झालं का म्हणून."

सर्जेरावानं बाहीनं नाक पुसलं. घसा खाकरला.

"झालं म्हणावं. नीट झालं सगळं. आता झोप म्हणावं."

फोन ठेवला. तांबी त्याच्या मांडीवरच होती, आणि तिला खाली ठेवायला हात काही केल्या सुटत नव्हते.