चाळीस सेकंदांचा उंचवटा

कागदावर लिहिलं होतं : फोन आला दहा त्रेचाळीसला, रुग्णवाहिका पोहोचली अकरा वाजून दोन मिनिटांनी, रुग्ण महिला दगावली अकरा वीसला, उपचार चालू असताना. खाली तीन सह्या आणि एक गोल निळा शिक्का.

सादवाकासने कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. फोनची वेळ खरी होती. मरणाची वेळही जवळपास खरी होती. मधली वेळ साफ खोटी होती. गाडी आली तेव्हा अकरा चौतीस झाले होते आणि त्याच्या बायकोचा, कुल्याशचा श्वास थांबून पाव तास होत आला होता. मग उपचार केले कुणावर? थंड पडत चाललेल्या हातावर?

"पापा, सोडा आता," चुलीपाशी उभी असलेली मारझान म्हणाली. ती त्याची एकुलती लेक. शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती आणि आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत सुट्टी काढून आली होती. शुक्रवार होता, म्हणून ती आईच्या नावाने तेलात सात पोळ्या तळत होती. "त्यांच्या शिक्क्यापुढे तुमचं कोण ऐकणार आहे?"

"मी कुठे ऐकायला सांगतोय? मी दाखवणार आहे."

गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. शेजारच्या तोक्ताने गाडी येताना खिडकीतून पाहिली होती, पण गाडीचा ड्रायव्हर त्याच्या मेहुणीचा मुलगा. "घड्याळाकडे नाही बघितलं हो आगा," तो म्हणाला, आणि त्यानंतर समोरून येताना दिसला की रस्ता बदलायला लागला. गाडीचा ठावठिकाणा नोंदवणारं उपग्रहाचं यंत्र नेमकं त्याच दिवशी बंद होतं. ही यंत्रं फार समंजस असतात. साहेबांना अडचण होणार असली की आपणहून बंद पडतात.

सादवाकासच्या घरातलं यंत्र मात्र चालू होतं. ते नऊ वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला, आणि बाकीचे म्हातारे मासे पकडायला जातात तसा हा वेळ पकडायला लागला. छपरावर अळंबीच्या टोपीएवढा अँटेना. त्यातून उपग्रहांचा सेकंद खाली यायचा, टेबलावरच्या जुन्या सोव्हिएत स्फटिक-घड्याळाचा सेकंद त्याच्याशी ताडून पाहिला जायचा, आणि दोघांत किती फरक पडला तो आकडा दर सेकंदाला संगणकात लिहिला जायचा आणि पडद्यावर त्याची रेघ उमटायची. शिवाय लघुलहरींवर मॉस्कोची वेळ. कानाला हेडफोन लावून तो ती टकटक तासन्‌तास ऐकायचा. अशी खुळी माणसं त्या स्तेपीत, त्या अफाट गवताळ मुलुखात, आणखी पाच-सहा होती. रविवारी रेडिओवर भेटायची आणि कुणाचा स्फटिक किती घसरला यावर भांडायची.

"बटाटे आणायला पाठवला की हा माणूस अडीच तासांनी येतो," कुल्याश पाहुण्यांना सांगायची, "पण सेकंदाचा दहा लाखावा भाग हरवला तर रात्री जेवत नाही."

"तुझ्या बटाट्यांना उपग्रह नाहीत ना, म्हातारे."

"नाहीत, पण भूक आहे. ऊठ, हात धू."

टेबल आत घ्यायला तिने कधी परवानगी दिली नाही. तारा येतात तिथेच बैस म्हणाली. म्हणून सगळं सामान बाहेरचं दार आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळासारख्या खोलीत मांडलेलं. स्फटिक म्हणजे थंडी-उबेला हळवी जात. बाहेरचं दार उघडलं की गार वारा लागायचा आणि पडद्यावरची रेघ खाली खचायची. स्वयंपाकघराचं दार उघडलं की ऊब लागायची आणि रेघ वर चढायची. कुल्याश चहा घेऊन आली की रेघेवर छोटासा उंचवटा. रोज चार चहा, चार उंचवटे. सुरुवातीला तो ओरडायचा, "दार लाव! माझा स्फटिक तापतोय!" एकदा पाहुण्यांसमोर इतका ओरडला की तिने पेला तिथेच जमिनीवर ठेवला आणि दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून त्याच्या कानाला हेडफोन असला की ती आत येत नसे.

तर अशी ती रेघ. फेब्रुवारीतल्या त्या सकाळचीही ती होतीच, सेकंदासेकंदाची. बाहेर उणे चोवीस होतं. स्ट्रेचर आत नेताना त्या लोकांनी दोन्ही दारं सताड उघडी टाकली होती. एवढी थंडी त्या स्फटिकाला नऊ वर्षांत लागली नव्हती. खड्डा दिसणार म्हणजे दिसणारच.

पुरावा कच्चा राहू नये म्हणून त्याने आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. सलग तीन सकाळी दहा-दहा वेळा दार उघडलं, हातातल्या घड्याळाने मोजून बंद केलं. दार उघडल्यापासून रेघ खचायला किती वेळ लागतो ते वहीत मांडलं : तीन मिनिटं, दहा-वीस सेकंद इकडेतिकडे. तोक्ता कुंपणावरून बघत होता. म्हातारा बायको गेल्यावर दाराशी खेळतोय, ही बातमी त्याने संध्याकाळच्या आत गावभर केली.

मग सादवाकासने त्या दिवशीची नऊ ते बाराची रेघ एका लांब पट्टीवर छापून टेबलावर पसरली.

मोठा खड्डा होता. तीन मिनिटं वजा केली की बरोबर अकरा चौतीस. त्याच्याआधी सात छोटे छोटे खड्डे होते. ते त्याचे स्वतःचे. सात वेळा तिला फरशीवर टाकून तो रस्ता बघायला बाहेर धावला होता. अकरा दोनला रेघ सरळ होती. कुठलंच दार उघडलं नव्हतं. अकरा वीसलाही सरळ होती. तिचा श्वास थांबला ती वेळ त्याच्या कुठल्याच यंत्राने टिपली नव्हती.

समाधानाने त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि मग नजर डावीकडे गेली.

दहा नऊ. एक उंचवटा, तीन मिनिटं वजा धरून. चहाएवढाच, पण चहाचा नव्हे. दहाचा चहा तो कधी पीत नसे. स्वयंपाकघराचं दार चाळीस सेकंद अर्धवट उघडं होतं आणि मग बंद झालं होतं.

त्या वेळी तो हेडफोन लावून बसला होता. मॉस्कोची टकटक त्या दिवशी फार सुरेख येत होती, आणि रेडिओचा सेकंद उपग्रहाच्या सेकंदामागे किती पडतो ते तो मोजत होता. पाठ दाराकडे. दहा एकेचाळीसला तहान लागली म्हणून उठला, तेव्हा ती चुलीपाशी पडलेली होती.

ती आली होती. छातीत दुखायला लागलं म्हणून आली असणार. दार उघडून चाळीस सेकंद उभी राहिली. त्याच्या कानावर हेडफोन बघितला. आणि दार ओढून घेऊन परत गेली.

सादवाकासने मारझानला हाक मारली आणि बोट ठेवून सगळं दाखवलं. लपवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मारझानचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "बत्तीस मिनिटं," ती म्हणाली. "बत्तीस मिनिटं आई एकटी पडली होती आणि तुम्ही टकटक ऐकत होता?"

"हो."

ती उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली तेव्हा आवाज कोरडा होता. "हे त्यांना दाखवायचं नाही. पट्टी साडेदहापासून कापा. गाडी उशिरा आली एवढंच सिद्ध करायचंय ना? त्याला साडेदहानंतरचं पुरतं."

"कापलेली नोंद ती नोंद नसते."

"हे तुमच्या रेडिओवरच्या म्हाताऱ्यांना सांगा! ते लोक लांडगे आहेत, पापा. दहा नऊ दिसलं की त्यांना अकरा चौतीस दिसणारच नाही."

त्याने ओम्स्कच्या अर्काडीला फोन केला. अर्काडी निकिफोरोविच, त्यांच्या टोळीतला सगळ्यात जुनं खोड. अर्काडीने सगळं ऐकून घेतलं.

"सादिक," तो म्हणाला, "दुसरं कुणी असतं तर मीच सांगितलं असतं, वाईट आकड्यावर खूण कर पण पुसू नकोस. वीस वर्षं हेच ओरडतोय मी. पण तुला नाही सांगणार. तू काप. मी कुणाला बोलणार नाही."

"तू पिऊन बोलतोयस का?"

"नाही रे गाढवा. रडून बोलतोय."

त्याच्या तक्रारीची सुनावणी एप्रिलात झाली. जिल्ह्याच्या कचेरीत लांब टेबल, टेबलापलीकडे आयोगाच्या अध्यक्षा डॉक्टर रौशान तोलेगेनोव्हना आणि त्यांच्या शेजारी कायदा बघणारा दुमान नावाचा तरणाबांड साहेब. त्याचे बूट सादवाकासच्या तीन महिन्यांच्या पेन्शनइतके चकाकत होते. मारझान पुन्हा सुट्टी काढून आलेली, मागच्या खुर्चीवर. सादवाकासने पट्टी उलगडली. सबंध, नऊ ते बारा.

"आगा, यात तर सकाळचे पाच दिसताहेत," दुमान हसत म्हणाला. "आणि मार्चपासून सरकारने अख्ख्या देशाचं घड्याळ एक केलंय. तुमचं नक्की कुठलं? जुनं, नवं, की आजोबांचं?"

"ती जागतिक वेळ आहे, बाळा. तिच्यात सहा तास मिळव, फेब्रुवारीतली आपली वेळ येते. सरकारने काटे फिरवले, सेकंद नाही फिरवला. तो सरकारच्या हातात नाही."

अध्यक्षाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी पट्टी जवळ ओढली. सादवाकासने खड्डे समजावले, तीस वेळा दार उघडल्याची वही पुढे केली. "अकरा दोनला बघा. रेघ सरळ आहे. हे लोक घरात आले म्हणता, मग आले कुठून? धुराड्यातून?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुमान हसला नाही. त्याचं बोट पट्टीवरून डावीकडे सरकत गेलं आणि थांबलं.

"हे काय आहे?"

मारझानने डोळे मिटले.

"ती माझी बायको आहे," सादवाकास म्हणाला. "मला बोलवायला आली होती. दार उघडून चाळीस सेकंद उभी होती. माझ्या कानाला हेडफोन होता. मी वळलो नाही."

दुमानने पेनचं टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली.

निकाल दोन आठवड्यांनी आला. दीड पान. पतीने स्वतः सादर केलेल्या नोंदीवरून असं दिसतं की रुग्णाला दहा नऊच्या सुमारास त्रास सुरू झाला; कुटुंबाने मदत मागण्यास चौतीस मिनिटं विलंब केला; मृत्यूचं मुख्य कारण हा विलंब. त्याच्या खालच्या परिच्छेदात : गाडी अकरा चौतीसला पोहोचल्याचा दावा मान्य करता येत नाही, कारण अर्जदाराचं उपकरण प्रमाणित नाही.

एकच यंत्र. एकच पट्टी. एकच सकाळ. म्हाताऱ्याच्या गळ्याला लावायचं तेव्हा ते यंत्र खरं, आणि साहेबांच्या गळ्याला लागायची वेळ आली की खोटं. असं लिहिताना ज्यांचा हात थरथरत नाही, त्यांच्याच हातात गावाची रुग्णवाहिका असते.

मारझानने ते दोनदा वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. "सांगितलं होतं मी! सांगितलं होतं की नाही? साडेदहापासून कापली असती तर आज त्यांच्याकडे बोट दाखवायला काय होतं? तुम्हीच त्यांच्या हातात सुरी दिलीत. कशासाठी? ओम्स्कच्या त्या म्हाताऱ्यासाठी? नियमासाठी?"

"नियमासाठी नाही."

"मग?"

सादवाकास खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता आणि तोक्ताची शेळी त्यात तोंड घालत होती.

"तू शहरात होतीस," तो म्हणाला. "मी पाठमोरा होतो. तोक्ताने बघितलं नाही, त्याने तर गाडीही बघितली नाही म्हणे. ती दारापर्यंत चालत आली, हे या जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, पोरी. तेवढ्या उंचवट्याला माहीत आहे. तो मी कापला असता तर ती आलीच नव्हती असं झालं असतं. आपली ती चुलीपाशी पडली आणि मेली. तिने मला बोलवलंच नाही. मला ते सोईचं होतं, मारझान. फार सोईचं होतं."

मारझान त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो तिथून हलला नाही. पुढे कितीतरी वर्षं हलणार नव्हता. बापाला ते कळत होतं.

थोड्या वेळाने तिने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं : वरच्या आयोगाकडे अपील. ती भराभर लिहीत गेली. तिचं अक्षर आईसारखंच उजवीकडे झुकलेलं. अर्जदाराचं यंत्र एक आहे. ते खरं असेल तर सबंध खरं माना, खोटं असेल तर सबंध खोटं माना. त्या यंत्राने त्या सकाळी टिपलेल्या वेळा पुढीलप्रमाणे.

इथे पेन थांबलं.

"पहिली किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"दहा वाजून नऊ मिनिटं," सादवाकास म्हणाला. "सेकंद नको लिहूस. दहा-वीस सेकंद इकडेतिकडे होतात. तेवढं मला ठामपणे सांगता येत नाही."

मारझानने लिहिलं : दहा वाजून नऊ मिनिटं, आई दाराशी आली.