लाल दगडांची जागा

सावळीराम पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातो. आमच्या त्र्यंबक रोडच्या गोल्फ क्लबचा तो कॅप्टन. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर मोठा झाला आणि शनिवारची सकाळ फक्त पुरुषांची असावी, हे त्याने मनावर घेतलं. आम्ही पाच-सहा बायका शनिवारीच खेळतो. इतर दिवशी मला गॅस एजन्सी, बाकीच्यांना आपापल्या नोकऱ्या.

"तुमच्यामुळे मागे खोळंबा होतो, वहिनी," तो दर वेळी म्हणायचा. वहिनी म्हणे. याच्या कुठल्या भावाशी माझं लग्न झालंय, देव जाणे.

कमिटीत भांडण पेटलं आणि शेवटी ठरलं, मी आणि तो, एक मॅच. मी हरले तर बायकांनी शनिवार सोडायचा.

गोल्फमध्ये कमी फटक्यांत संपवणारा जिंकतो, पण कच्च्या खेळाडूला काही फटके माफ असतात. किती माफ, ते मैदान किती अवघड आहे यावरही ठरतं. त्यासाठी संघटनेची माणसं येऊन मैदान मोजतात. आमचं मोजमाप नेमकं मॅचच्या आधी आलं.

आमचा चेंडू पुरुषांइतका लांब जात नाही, म्हणून बायकांचा पहिला फटका पुढे ठेवलेल्या लाल दगडांपासून. मोजमापाच्या सकाळी बघते तर लाल दगड गायब.

"समानता पाहिजे ना तुम्हाला?" सावळीराम हसत म्हणाला. "मग मारा आमच्याबरोबर पांढऱ्या दगडांपासून. ठराव झालाय. लाड संपले."

माझे हात शिवशिवत होते. चौथ्या होलला समोरच ओहोळ आहे. पांढऱ्यावरून तो ओलांडणं आमच्यातल्या एकीलाही जमत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोजणाऱ्या टीमचे प्रमुख रंगनाथ गांगुर्डे ओहोळाजवळ थांबले. "इथून बायकाही खेळणार? मग त्यांचा आकडा वेगळा काढावा लागेल. तुमचा चेंडू पलीकडे पडतो, त्यांचा पाण्यात. त्यांच्यासाठी हेच मैदान फार अवघड निघेल."

"निघू द्या की," सावळीराम म्हणाला. "जितकं अवघड, तितकं क्लबचं नाव." अवघड मैदानाचा कॅप्टन म्हणवून घ्यायची त्याला भारी हौस. फटक्यांचा हिशोब त्याच्या डोक्यातही आला नाही. माझ्या आला होता.

आकडे आले. सावळीरामने ते रंगवून फाटकावर लावले. मॅचच्या सकाळी त्याला कळलं की लाल दगडांवरून मला मिळाले असते त्यापेक्षा दहा फटके जास्त माफ झालेत, म्हणजे त्याच्यापेक्षा एकूण बावीस. त्याचा चेहरा पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

ओहोळात मी तीन चेंडू घालवले. खांदा भरून आला, दोनदा रडू आलं, पण त्याला दिसू दिलं नाही. शेवटी त्याच्यापेक्षा वीस फटके जास्त खाऊनही, माफी धरून मी दोनने जिंकले.

"हे कसलं जिंकणं?" त्याने हात मिळवला नाही. वळून माळ्याला म्हणाला, "लाल दगड परत लाव."

"लावून उपयोग नाही," मी म्हटलं. "त्या जागेचं मोजमाप तुम्ही होऊ दिलं नाही. तिथून खेळलेलं संघटना आता धरणार नाही. टीम परत येईपर्यंत आम्ही पांढऱ्यावरूनच."

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्या आलो. चौथ्या होलला स्नेहाचा चेंडू पाण्यात गेला, मग ज्योत्स्नाचा, मग माझा. आमच्या मागची वेळ सावळीरामची होती. तो कमरेवर हात ठेवून उन्हात उभा होता आणि घड्याळ बघत होता.

मी पिशवीतून दुसरा चेंडू काढला आणि रुमालाने सावकाश पुसायला घेतला.