पाकिटाची पाठ

"पाकिटाच्या तोंडाला भुलणाऱ्यातली मी नाय," सरू म्हणाली. "तोंड रंगवायचा धंदा आपलाच. आपल्याला कोण फसवणार? मी पाठ बघते, पाठ."

हमरापूरला हैबतराव शेठच्या कारखान्यात सकाळच्या चहाची वेळ होती. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत फळ्यांवर साडेतीनशे गणपती, निम्मे पांढरेफटक, निम्म्यांच्या अंगाला गुलाबी रंग लागलेला, आणि एकालाही अजून डोळे नाहीत. डोळे सरू काढायची. या कामाला आखणी म्हणतात. बाकीचे पंधरा जण मिळेल तिथं बसायचे, पण आखणीवाल्या सरूला खिडकीशी स्वतःचा पाट होता. एकोणीस वर्षं तो पाट तिचा होता.

सरूनं खिळ्याला टोचून ठेवलेलं बिस्किटाचं रिकामं पाकीट काढलं आणि शेडभर फिरवून दाखवलं.

"शंभर ग्रॅमला साखर अडीच ग्रॅम. पंधरा दिवस हीच बिस्किटं खातोय आपण. उगाच नाय आणली मी."

"आण बघू," पुतळी म्हणाली. पुतळी सरूची शेजारीण, शेडमध्ये अंगाचा रंग देणारी. तिनं पाकीट डोळ्यांजवळ धरलं आणि नखानं जरा खरवडलं. "अडीच नाय गो, पंचवीस हाय."

"मधी टिंब हाय ना."

"व्हतं. आता माझ्या नखात हाय."

सगळे जमले. टिंब म्हणजे काळ्या रंगाचा शिंतोडा होता. तो सरूच्याच कुंचल्यातून उडाला होता.

"म्हंजे पाव हिस्सा साखर," स्प्रे मारणारा जनू म्हणाला. "मंग सरळ साखरच वाटायची ना सरूकाकी. चावायचे कष्ट तरी वाचले असते."

शेड हसली. सरूही हसली, पण जरा उशिरानं. तिला साखरेचं काही वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी भर उजेडात, खिडकीशी बसून तिनं ते पाकीट वाचलं होतं, आणि आपल्या हातचा काळा रंग तिला ओळखू आला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. चैत्रात सरू पेणला डॉक्टरीणबाईंकडे गेली ती चष्मा मागायला. कडा पुसट दिसतात म्हणाली. बाईंनी रक्त तपासलं आणि साखर निघाली दोनशे ऐंशी.

"आत्ता चष्म्याचा नंबर काढून काही उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "साखर वर आहे तोवर नंबर बदलत राहणार. आधी तीन महिन्यांत साखर खाली आणा. आणली नाहीत तर मग चष्म्यानंही भागायचं नाही. दिवसभरात काय खाता?"

"काय पण नाय. दोन टाइम भाकरी. मधी चहा-बिस्किट."

"बिस्किटं किती?"

सरूनं बोटं मोजली. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग ती पुन्हा पहिल्या हातावर आली. चौदावर थांबली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

यात सरूची खादाडी नव्हती. गणपतीच्या कारखान्यात खाणं जिभेला विचारून ठरत नाही, बोटांना विचारून ठरतं. वडा खाल्ला की बोटाला तेल, आणि तेलाचं बोट लागलं तिथं रंग धरत नाही. फरसाण खाल्लं की हळद, आणि गणपतीच्या पोटावर पिवळा अंगठा. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकच खाणं चालत आलेलं: कोरडं, सुकं, बोटाला तेल न लावणारं बिस्किट. सीझन चढला की माणसं जेवायला उठत नसत, पाकिटं मात्र उठत.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि एका कागदावर चार इंग्रजी नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली: साखर, मीठ, मैदा, पामतेल. "जे नाव यादीत पहिलं, ते पाकिटात सगळ्यात जास्त," त्या म्हणाल्या. सरूला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकार तिच्या हातात बसत. तिनं ती चार नावं चित्रासारखी पाठ केली. मैद्याचं चित्र सगळ्यात लांब, तीन शब्दांचं, तीन डब्यांच्या गाडीसारखं. ते बहुतेक पाकिटांवर पहिल्या ओळीतच उभं असायचं.

शेठला मात्र तिनं काही सांगितलं नाही. तिच्याआधी त्या पाटावर शेठची सख्खी आत्या बसायची, शांतीआत्या. एका साली तिच्या हातून एका मूर्तीचे डोळे फिरले. दुसऱ्या दिवशी आत्या माती चाळायला, आणि सरू पाटावर. शेठ त्या वेळी आवाजसुद्धा चढवून बोलला नव्हता.

तेव्हा सरूनं ठरवलं होतं: तीन महिन्यांत साखर खाली आणायची, पाट सोडायचा नाही, आणि एकटीनं वेगळं खाल्लं तर लोक विचारतील, म्हणून अख्ख्या शेडचंच खाणं बदलायचं.

टिंबाच्या प्रकरणानंतर तिनं फुटाणे आणले. पाकिटाची पाठ या वेळी तिघांनी वाचली. साखर नाही, तेल नाही, मैदा नाही. कागदावर फुटाण्यात काहीच खोट नव्हती. खोट होती टेबलफॅनमध्ये. सोळा माणसांनी सोललेली फोलपटं दुपारपर्यंत गुपचूप जमिनीवर पडून होती. तीन वाजता लाइट आली, फॅन सुरू झाला आणि फोलपटं उठली. समोरच्या फळीवर अकरा मूर्तींचं वार्निश ओलं होतं.

हैबतराव आला तेव्हा अकराही गणपतींना दाढ्या होत्या.

"हे काय?"

"फुटाणे, शेठ," पुतळी म्हणाली.

"ते दिसतंय. गणपतीला कुठून फुटले?"

"पाकिटाच्या पाठीवर काय पण वाईट लिवलेलं नव्हतं," सरू म्हणाली.

"पाठीवर वार्निशचं काय लिवलेलं का?"

फोलपटं चिमट्यानं काढायला दीड दिवस गेला. सरूनं पाच मूर्ती स्वतः घासल्या आणि तिसऱ्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू आणले. पाकिटावर पुढंच मोठ्या अक्षरांत होतं, साखर घातलेली नाही. मागच्या बाजूला साखरेचं चित्र शोधून सापडलं नाही. गुळाचं चित्र कागदावर नव्हतंच, त्यामुळं ते पहिल्या ओळीत असूनही सरूच्या ओळखीचं निघालं नाही. मुंग्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या फसल्या नाहीत. संध्याकाळी एक रांग डब्यातून निघून जनूच्या हातांनी चिकट केलेल्या सोंडांवरून शिस्तीत चालली होती, आणि जी मुंगी रंगात अडकली ती तिथंच कायमची राहिली.

"एवढी नक्षी मी सांगितली नव्हती," हैबतराव म्हणाला.

सरूनं कागदावर पाचवं चित्र काढून आणलं, गुळाचं.

पेणच्या बाजारात आता तिला ओळखू लागले. ती पाकीट उचलायची, उलटं करायची आणि पुतळीच्या नाकासमोर धरायची. नाचणीच्या चिप्सवर हिरव्या शेतात हसणारी बाई होती. मागं, दुकानातल्या पोरानं वाचून दाखवलं, पहिल्यांदा तांदूळ, मग पामतेल, मग मीठ, मग आणखी कायकाय, आणि नाचणी सातवी, चार टक्के.

"मावशी, घेताय का अभ्यास करताय?" दुकानदार म्हणाला.

"चारच टक्के नाचणी हाय."

"असते तेवढीच."

"मंग ही शेतातली बाई कसली हसतेय?"

"तिला पाठ दिसत नाय," पुतळी म्हणाली.

घरीही तेच. सरूचा नवरा गोविंदा रोह्याजवळच्या धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला. कंपनीच्या गेटवर रोज त्याची तपासणी व्हायची, आता घराच्या दारातही सुरू झाली. सरू पिशवी उलटी करायची.

"कंपनीत मी काय काय हुंगतो तुला ठावं हाय का?" गोविंदा म्हणाला. "त्याच्या पुढं शेव म्हंजे औषध."

"औषधावर पामतेल लिवलेलं नसतं."

"साखर तुला झाली, शेव माझी का बंद?"

"डब्यात असली का माझा हात जातो. म्हून."

दुसऱ्या दिवशी शेवेचं पाकीट हेल्मेटमध्ये सापडलं, आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून काहीच सापडलं नाही. आठवडाभरानं त्यानंच वाटेवरच्या गडब गावच्या दुकानातून एक पाकीट आणलं, दारात उलटं धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बघ. एकच नाव हाय मागं."

ते होतं डाळं. भाजलेली, सोललेली हरभऱ्याची डाळ. मीठ नाही, तेल नाही, फोलपट नाही. कारखान्यात सरूनं ते वाटीत वाढलं आणि प्रत्येकाला एक एक चमचा दिला. बोटं खाण्याला लागायलाच नकोत.

"चमचे?" हैबतराव म्हणाला. "हे काय लग्नाचं जेवण?"

"बोटं बघा, शेठ."

शेठनं सोळा माणसांची बोटं बघितली. लाडवांनंतर पहिल्यांदाच ती खाऊन झाल्यावरही कोरडी होती. तो एक वाटी घेऊन गेला. चमचा त्यानं परत दिला नाही.

ज्येष्ठ सरला. बिनसाखरेचा चहा सरूला पहिले आठ दिवस शिक्षा वाटला आणि मग नुसताच चहा वाटायला लागला. ती रोज बांधाच्या वाटेनं चालून यायची, गोळी चुकवायची नाही. हात मात्र थांबलेला नव्हता. रोह्याच्या महिपती दुकानदाराची चाळीस मूर्तींची ऑर्डर तिनं याच दिवसांत आखली, अंदाजानं, सवयीनं. आषाढात टेम्पो आला. एकतीस मावल्या, नऊ मागं राहिल्या.

आषाढ संपता संपता पेणला पुन्हा रक्त दिलं. एकशे अडतीस. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. इंग्रजी येत नसल्यामुळं सरूनं आकार हवेत काढून दाखवले, शेवटच्या ओळीपर्यंत.

"लांबचं बिनचष्म्याचं चालेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. "जवळचा अगदी हलका नंबर आहे. अशाच राहा."

सरू एसटीतून उतरली ती नवा चष्मा लावून थेट शेडमध्ये. पहिल्यांदा तिला खिडकीच्या गजांवरचा गंज दिसला. मग पुतळीच्या हनुवटीवरचा केस. मग ती फळीवर उरलेल्या नऊ मूर्तींसमोर येऊन उभी राहिली, आणि तिथंच उभी राहिली.

नऊच्या नऊ गणपतींची बुबुळं मोहरीएवढी खाली उतरलेली होती, आणि जराशी त्यांच्या डाव्या हाताकडं.

"पुतळे, तुला दिसत व्हतं?"

पुतळी कुंचला धूत होती. तो धुऊन झाला तरी ती धूतच राहिली. "दिसत व्हतं गो."

"बोलली का नायस?"

"शेठनं ऐकलं असतं."

सरूनं नऊ मूर्ती खाली घेतल्या. सुरीच्या टोकानं जुनं बुबुळ खरवडलं, पांढरा दिला, वाळू दिला, पुन्हा आखलं. दोन दिवस लागले. मग कोणी विचारायच्या आधी ती हैबतरावासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी साखर चढली व्हती, शेठ. नजर पुसट झाली व्हती. मी लपवलं. रोह्याला गेलेल्या एकतीस मूर्तींचे डोळे उतरलेले हायत. नऊ मी नीट केल्या."

"एकतीस?"

"एकतीस."

"आणि आता?"

"आता साखर खाली हाय. चष्मा हाय. तरी पाट काढून घ्यायचा तर आज घ्या, सीझनच्या मधी नको."

हैबतरावानं पाटाकडं बघितलं. तो तोंड उघडणार इतक्यात फोन वाजला. रोह्याहून महिपती होता. हैबतरावाचा चेहरा आधी पडला, मग गोंधळला, मग भलताच उजळला. फोन ठेवून तो सरूकडं वळला.

"एकतीसच्या एकतीस बुक झाल्या," तो म्हणाला. "माणसं म्हणतात, असा गणपती कुठं बघितला नाय. डाव्या हातातल्या मोदकाकडं बघतो. धाटावची कॉलनी सगळी त्याच्याच मागं लागलीय. अजून पन्नास पाहिजेत."

"पन्नास करते."

"तसेच पाहिजेत. मोदकाकडं बघणारे."

सरू पाटावर बसली. कोरी मूर्ती पुढं ओढली, कुंचला काळ्यात बुडवला, हात उचलला. हात बरोबर मध्यावर जाऊन थांबला.

"जरा खाली घे गो," हैबतराव पाठीमागून म्हणाला. "मोहरीएवढं."

"खाली घेता येत नाय, शेठ."

"चष्मा काढ."

तिनं चष्मा काढला. कुंचला पुन्हा तिथंच गेला.

"एकोणीस वर्षांची सवय हाय," सरू म्हणाली. "तवा दिसत नव्हतं म्हून उतरले. आता दिसतं. दिसत असताना देवाची नजर उतरवायची नाय मी. पायजे तर पाट घ्या."

हैबतरावानं पाट घेतला नाही. दुसरं कोणी आखणी करणारं नव्हतं, आणि चतुर्थी महिन्यावर आली होती. सरूनं चष्मा पुसून लावला आणि आठ दिवसांत पन्नास जोड्या डोळे काढले. एकाचंही बुबुळ केसभर इकडं तिकडं नव्हतं. पुतळी मध्ये उठून दोनदा बघून गेली आणि दोन्ही वेळा परत कुंचला धुवायला बसली.

शुक्रवारी टेम्पो रोह्याला गेला.

रविवारी सकाळी तो परत आला. आत पन्नास मूर्ती होत्या आणि महिपतीची चिठ्ठी होती. माल परत करण्याचं कारण तिच्यात एका ओळीत लिहिलं होतं: नजर सरळ आहे.