अकरा वेळा रामकृष्णहरी

घरात काही बिनसलं, की आपण सगळ्यांत आधी कोणाकडे पाहतो? खरं सांगा! कपाटाची किल्ली जागेवर नाही, दुधावरची साय कमी दिसते, रिमोट चालेनासा होतो, आणि आपली नजर आपोआप मोरीकडे वळते, भांडी घासणाऱ्या बाईकडे. किल्ली नंतर आपल्याच पिशवीत सापडते. पण ती वळलेली नजर बाईनं पाहिलेली असते, आणि ती ते विसरत नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात शनिवार पेठेतल्या उपळेकरांच्या घरी अशीच एक नजर वळली. त्या वेळी पणाला लागला होता एका माणसाचा श्वास.

रंगनाथ उपळेकर, म्हणजे सगळ्यांचे तात्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दर एकादशीला मुरलीधराच्या देवळात कीर्तनाला पेटीवर साथ करायचे. पेटीवाल्याचं काम लोकांना सोपं वाटतं. तात्या सांगायचे, "बुवा श्वास घ्यायला थांबतात ना, तेवढ्यापुरता सूर आपण धरायचा. देवळात पोकळी पडू द्यायची नाही. बस, एवढंच माझं काम." एवढंच काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं होतं.

त्यांना घोरण्याचा आजार होता. झोपेत घसा मिटायचा, श्वास अडकायचा. डॉक्टरांनी तपासणी करून सी-पॅपचं मशीन लावायला सांगितलं. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतून हलक्या दाबानं येणारी हवा, त्यामुळे घसा उघडा राहायचा. झोपाल तेव्हा लावायचं, दुपारीसुद्धा, अशी ताकीद होती. आणि दुपारी एक ते चार झोपणं हा तात्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. सहा महिन्यांत माणूस ताजातवाना झाला.

मशीनची सगळी माहिती मुलाच्या फोनवर जायची. मुलगा सुदर्शन हडपसरच्या आयटी पार्कात टीम लीड. तात्या किती तास झोपले, श्वास किती वेळा अडकला, मास्क कधी निघाला, सगळं त्याला तिथं बसून दिसायचं. रोज सकाळी शंभरपैकी मार्कही यायचे.

"तात्या, काल अठ्ठ्याऐंशीच."

"पास झालो ना? पुरे!"

"माझ्या टीममधल्या तालिबच्या वडिलांना सत्त्याण्णव पडतात."

"मग त्यांचा सत्कार करा. आमच्या वेळी फोनसाठी आठ-आठ वर्षं नंबर लावून बसावं लागायचं. आता माझा श्वास न डायल करता हडपसरला पोचतो. प्रगती आहे!"

सुदर्शनला ते मार्क बघवत नव्हते. होळीनंतरच्या एका रविवारी "थोडं ट्यून करतो" म्हणत तो मशीनशी तासभर खुडबुड करत बसला. पुढे ऑफिसातल्या गडबडीत ते विसरूनही गेला.

एप्रिलमध्ये मार्क घसरायला लागले. अठ्ठ्याऐंशीचे सत्तर, सत्तरचे साठ. तात्या सकाळी दमलेलेच उठायचे. चैत्रातल्या एकादशीला तर ऐन आख्यानात त्यांची मान पेटीवर कलली आणि भाता थांबला. बुवांनी तान अर्धी सोडून "जय जय रामकृष्णहरी" सुरू केलं, टाळ्यांत सगळं झाकलं गेलं. पण तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पस्तीस वर्षांत पोकळी पडली नव्हती रे," घरी येऊन ते एवढंच म्हणाले.

सुदर्शननं त्या रात्री आकडे उलगडून पाहिले, आणि त्याला सापडलं! रोज दुपारी अडीचच्या सुमारास मास्क दोन-तीन मिनिटं निघत होता. कधी दोनदा, कधी तीनदा. रविवार सोडून.

"तात्या, मास्क काढून झोपता का?"

"नाही."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"मशीन खरं आणि बाप खोटा, असं ठरलंच असेल तर विचारतोस कशाला?"

रविवार सोडून! हे दोन शब्द सुदर्शनच्या डोक्यातून जाईनात. रविवारी न येणारं माणूस घरात एकच होतं. सरुबाई. सोमवार ते शनिवार, दुपारी दोन ते साडेतीन.

सरुबाई उस्मानाबादकडची. नवरा उत्तरेश्वर बांधकामावर होता, तो वारल्यावर पर्वतीच्या पायथ्याशी एका खोलीत राहून चार घरची भांडी करायची. तात्यांच्या मास्कचा नाकावर बसणारा कप्पा रोज कोमट पाण्यानं धुऊन सावलीत वाळत घालायचं कामही तिचंच. महिन्यापूर्वी ती सुदर्शनला म्हणाली होती, "दादा, तात्यांचं काय तरी येगळंच हाय. मशीन चालू असतंया, पर श्वास मधीच थांबतूय."

सुदर्शन लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला होता, "मावशी, श्वास बघायला मशीन आहे. तुम्ही भांडी बघा."

आता त्याला ते बोलणंसुद्धा वेगळं वाटू लागलं. हिला कसं कळतं? ही खोलीत जाते कशाला? फोन चार्जिंगला लावायला प्लग काढत असेल. की तात्यांना उठवून गप्पा मारत बसते? संशयाचं असंच असतं, मंडळी. एकदा पाट मांडून दिला, की तो वाढा वाढा म्हणत पोटभर जेवतो!

त्यानं ऑनलाइन कॅमेरा मागवला आणि तात्यांच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर ठेवला. बायको पूर्णिमा दारात उभी राहून बघत होती.

"तात्यांना सांगितलंस?"

"नंतर सांगेन."

"आणि मावशींना?"

"तिला सांगून कॅमेरा लावतात का कोणी?"

"बरं झालं आपण मांजर पाळलं नाही," पूर्णिमा म्हणाली, "त्याचीही चौकशी लागली असती."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मीटिंग चालू असताना सुदर्शननं टेबलाखाली फोन उघडला. दोन पस्तीस. तात्या उताणे झोपलेले. दारातून सरुबाई आली. ओले हात पदराला पुसत कॉटजवळ उभी राहिली. बराच वेळ नुसती उभी! मग वाकली, तात्यांचे खांदे हलवले, आणि तिनं सरळ मास्कला हात घातला. मास्क निघाला.

चित्र होतं, आवाज नव्हता. सुदर्शनला आवाजाची गरजही वाटली नाही.

तो तडक निघाला. स्वारगेटच्या चौकात बाइक अडकली, तेवढ्या वेळात त्यानं मनात चार वाक्यं तयार केली. घरी पोचला तेव्हा सरुबाई ओटा पुसत होती आणि तात्या चहा पीत बसले होते.

"मावशी, तात्यांचा मास्क तुम्ही काढला?"

"व्हय, काढला की."

"रोज काढता?"

"लागंल तवा काढते."

"कोणाला विचारून?" सुदर्शनचा आवाज चढला. "ते औषध आहे, कळतंय का? तुमच्यामुळे माझ्या बापाचा जीव जायची वेळ आलीय! सगळं कॅमेऱ्यात आहे माझ्याकडे."

"कॅमेरा?" तात्यांनी कप खाली ठेवला. "कसला कॅमेरा?"

सुदर्शननं तात्यांच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीकडे बोट केलं. सरुबाईनं तिकडे पाहिलं. मग सुदर्शनकडे. फडकं पिळून तिनं नळावर वाळत टाकलं.

"त्यात ऐकू येतंय का, दादा?"

"काय?"

"श्वास. ऐकू येतंय का त्यात?" ती शांतपणे म्हणाली. "आदी ल्हान ल्हान श्वास येतुया. मग मोठा, आणिक मोठा. मग उतरत उतरत बारीक हुतो, आन थांबतो. मशीन फुस्स करत ऱ्हातंया, पर छाती हालत न्हाई. तवा मी मनात रामकृष्णहरी म्हणत उभी ऱ्हाते. पाच-सात येळा म्हणूस्तवर आला, तर भांड्याला जाते. अकरा येळा म्हणून झालं आन न्हाई आला, तर उठवते. मला मोजायला तुमच्यावानी फोन न्हाई."

"अगं, मला वाटायचं तू चहासाठी उठवतेस," तात्या पुटपुटले.

"भ्या दाखवायचं नव्हतं, तात्या. दादांना सांगितलं हुतं. आमचा मालक असाच गेला. मी शेजारीच झोपल्याली. घोरायचा थांबला, तर मला वाटलं, बरं झालं, आता तरी झोप लागंल." ती पायरी उतरली आणि मागे वळली. "उद्याच्याला मी येत न्हाई. उद्या तुमीच बसा. तुमचा कॅमेरा बी बसवा संगं."

सुदर्शनला ते सगळं रचलेलं वाटलं. चोरी उघडी पडली की लोक गोष्टी सांगतात, असं तो पूर्णिमाला म्हणालाही. तिनं फक्त सरुबाईनं धुऊन ठेवलेला मास्कचा कप्पा त्याच्या हातात दिला. आरशासारखा स्वच्छ होता.

शनिवारी दुपारी दीड वाजता तात्या झोपले. सुदर्शन खुर्ची ओढून शेजारी बसला. फोनवर हिरवी खूण होती: मास्क नीट बसला आहे, हवा गळत नाही. सगळं उत्तम.

वीस मिनिटांनी तात्यांचा श्वास मोठा होऊ लागला. पायऱ्या चढल्यासारखा, एकापेक्षा एक खोल. मग उतरू लागला. बारीक. आणखी बारीक. मग काहीच नाही.

मशीन फुसफुसत होतं. छाती हलत नव्हती. फोनवर हिरवी खूण तशीच होती!

सुदर्शनच्या हातात फोन होता, त्यात सेकंद मोजायची सोय होती. पण त्याला ते सुचलं नाही. त्याचे ओठ आपोआप हलू लागले. रामकृष्णहरी. रामकृष्णहरी. लहानपणी देवळात पेटीमागे बसून म्हणायचा, तेव्हापासून तो म्हणाला नव्हता. सहा. सात. ये ना! आठ. नऊ. तात्यांचे ओठ निळसर वाटले. दहा. अकरा...

"तात्या! तात्या, उठा!" त्यानं खांदे गदागदा हलवले आणि मास्क ओढून काढला.

अगदी तसाच, जसा त्यानं काल चित्रात पाहिला होता.

सोमवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. त्याच संध्याकाळी तो तात्यांना आणि मशीनला घेऊन झोपेच्या तपासणी केंद्रात गेला. तिथले तंत्रज्ञ नियाजभाई, पन्नाशीचे, मोमिनपुऱ्यातले, कमी बोलणारे. त्यांनी मशीनमधलं कार्ड काढून संगणकात घातलं. पडद्यावर रेघ उमटली. फुगत जाणारी, ओसरत जाणारी, मग सपाट. पुन्हा फुगणारी.

"कोणाच्या लक्षात आलं हे?"

"आमच्या... भांडी घासणाऱ्या मावशींच्या."

"किती वेळ थांबतो म्हणाल्या?"

"अकरा वेळा रामकृष्णहरी म्हणून होईपर्यंत."

नियाजभाईंनी डोळे मिटले, ओठ हलवत बोटांवर अकरा मोजले, आणि पडद्यावरची सपाट रेघ मोजली. "वीस-बावीस सेकंद. बाईंचं माप बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी कागदावर ते तसंच लिहिलं. मग खुर्ची वळवली. "साहेब, हा घसा मिटलेला नाहीये. घसा सताड उघडा आहे. श्वास घ्यायचा निरोपच मेंदूकडून निघत नाहीये. दाब गरजेपेक्षा जास्त झाला, की काहींच्या बाबतीत असं होतं. डॉक्टरांनी आठ लिहिला होता. इथं चौदा दिसतोय."

सुदर्शन पुढे सरसावला. "बघा! म्हणजे कोणीतरी मशीनला हात लावलाय!"

"हो. तारीखही आहे. एकोणीस मार्च, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं."

रविवार!

तात्यांनी मुलाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. बापाला एवढीच शिक्षा देता आली.

"मीच," सुदर्शन म्हणाला. "नेटवर वाचलं होतं. दोन बटणं एकदम दाबली की डॉक्टरांचा मेनू उघडतो. मार्क वाढावेत म्हणून..."

"मशीन दाब देतं, साहेब. श्वास माणूस घेतो, आणि घेतोय की नाही हे माणसानंच बघायचं असतं." नियाजभाई ओरडले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही सगळ्यांवर संशय घेतलात. वडिलांवर, बाईंवर. दोनच गोष्टींवर घेतला नाहीत. एक हे यंत्र, आणि दुसरं तुम्ही स्वतः. घरातलं माणूस सांगतं 'काहीतरी वेगळं आहे', तेव्हा ते माणूस किती शिकलंय हे बघू नका. ते किती जवळ उभं होतं, हे बघा."

डॉक्टर आले. त्यांनी दाब परत उतरवला, हृदयाची तपासणी लिहून दिली आणि केंद्रात एक रात्र ठेवून घेतलं. "आणखी महिनाभर असं चाललं असतं तर मला तुम्हाला वेगळं काही सांगावं लागलं असतं," एवढंच ते म्हणाले.

रविवारी सकाळी सुदर्शन पर्वतीच्या पायथ्याशी गेला. सरुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तो चपला काढून खालीच बसला. रस्त्यात तयार केलेलं एक वाक्यही त्याला आठवेना.

"मावशी, मीच केलं होतं ते सगळं. आणि नाव तुमचं घेतलं."

सरुबाईनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "तात्या कसं हायत?"

"बरे आहेत. काल तिथं नीट झोपले."

"मग झालं की." तिनं सूप पुन्हा हलवलं. "पर दादा, एक इचारू? मी महिन्यामागं सांगितलं, तवा मान वर केली असती, तर काय गेलं असतं?"

सुदर्शननं तिच्या पायांना हात लावला. ती "आवं, आवं!" करत मागे सरकली, सूप कलंडलं, आणि टीम लीड साहेब अर्धा तास तिच्या दारात तांदूळ वेचत बसले.

कॅमेरा त्याच दिवशी खाली आला. फोनवरचे मार्क मात्र सुदर्शन अजूनही बघतो. पण बघून झाल्यावर तात्यांच्या खोलीत जातो, आणि सरुबाई काही म्हणाली तर लॅपटॉप मिटतो.

वैशाखातल्या एकादशीला मुरलीधराच्या देवळात आख्यान रंगलं. तात्या पेटीवर होते. पुढच्या रांगेत पूर्णिमाशेजारी सरुबाई, मागे खांबाला टेकून सुदर्शन. बुवा तानेच्या टोकाला पोचले आणि श्वास घ्यायला थांबले. देऊळ क्षणभर निःशब्द झालं. सरुबाईची आणि सुदर्शनची नजर एकाच वेळी तात्यांच्या छातीकडे गेली. सवयच झाली होती!

छाती संथ वर आली, भाता हलला, आणि सूर भरून निघाला.

मंडळी, घर म्हणजे दुसरं काय असतं? एकाचा श्वास थांबला, तर दुसऱ्यानं सूर धरायचा. यंत्रं जरूर आणा, ती देवानंच माणसाच्या बुद्धीला सुचवली आहेत. डॉक्टरांनी ठरवलेलं मात्र आपल्या हातानं बदलू नका. आणि जो आपल्या माणसापाशी हात पुसत उभा राहतो, देवाचं नाव घेत त्याचे श्वास मोजतो, त्याच्याकडे संशयानं पाहण्याआधी एकदा, फक्त एकदा, मान वर करून त्याचं म्हणणं ऐका!